कावळे नसलेली घळ

सगळ्यात आधी ट्रॅप रिकामे यायला लागले.

मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. माझं काम काय, तर घळीत वर जायचं, लाकडी पेटी उघडायची, आत मेलेला उंदीर असतो नाहीतर स्टोट, म्हणजे मुंगसासारखं एक लांबुळकं जनावर, ते काढून फेकायचं, नवीन पीनट बटर लावायचं, पुढची पेटी. हाताला कायम एक वास. आणि आता पेटीमागून पेटी उघडतोय तर आत काहीच नाही. पीनट बटर जसंच्या तसं, वर बुरशी धरलेली.

मला वाटलं, जिंकलो आपण.

आंटी हुइयाला सांगितलं. ती हसली नाही.

आंटी हुइया म्हणजे माझी बॉस. ही घळ तिच्या हापूची, म्हणजे त्यांच्या माओरी कुळाची. होकिआंगाच्या खाडीच्या वर, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. तिच्या आजीच्या आजीपासून ही माणसं इथे आहेत. हुइया हे एका पक्ष्याचं नाव आहे आणि तो पक्षी आता जगात नाही. कुणी तिला नावाचा अर्थ विचारला तर ती म्हणते, "मी आहे ना अजून."

"पेटी रिकामी म्हणजे उंदीर नाही असं नसतं, बॉय," ती म्हणाली. "उंदराचं पोट भरलंय असंही असतं."

"कशाने भरणार आंटी? घळीत आहे काय?"

"तेच म्हणतेय मी."

एवढं बोलून ती तिच्या यूटमध्ये, मागून उघड्या पिकअपमध्ये, बसली आणि गेली. मी तिथेच उभा. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की घळ गप्प आहे. दुपारच्या वेळी तिथे तुई पक्ष्यांचा दंगा असतो नुसता, कोफाईची पिवळी फुलं आली की तर विचारूच नका. फुलं होती. आवाज नव्हता.

आणि आमचा सगळा खटाटोप चालला होता तो बॉससाठी. आंटी नाही, दुसरा बॉस. इथल्या शाळेतल्या पोरांनी एका किवी पक्ष्याचं नाव बॉस ठेवलंय. घळीच्या वरच्या टोकाला एका पोकळ ओंडक्यात तो अंड्यांवर बसलाय. किवीमध्ये बापच अंडी उबवतो, बाई अंडं घालून निघून जाते. या घळीत कित्येक वर्षांत कुणी किवी अंड्यांवर बसलेला नव्हता. आंटीच्या लहानपणी रात्री अंथरुणातून त्यांची हाक ऐकू यायची म्हणे, मग हळूहळू बंद झाली. ट्रस्ट काढला, ट्रॅप लावले, बाहेरून पक्षी आणून सोडले, ते कशासाठी, तर या एका बसण्यासाठी. बॉसची पिल्लं निघाली तर ती इतक्या वर्षांनी या मातीतली पहिली. नाही निघाली तर आंटीच्या हयातीत परत जमेल की नाही, कुणी सांगावं.

बॉसच्या पायाला ट्रान्समीटर आहे. माझ्याकडे रिसीव्हर. अँटेना धरली की बीप ऐकू येतो. बसलेला असला की एका ठरावीक चालीत, संथ. मेला तर घाईघाईत. पण मेल्या मेल्या नाही. पूर्ण एक दिवस पायाची काहीच हालचाल झाली नाही, तर मशीन मान्य करतं. मी रोज सकाळी लांबून अँटेना धरायचो. संथ बीप आला की चहा घ्यायचो.

बाबा विचारायचे, "काय म्हणतोय तुझा बाळंतीण पुरुष?"

"बसलाय."

"बसू दे. तुझ्यापेक्षा बरा. एका जागी बसतो तरी."

बाबांचं सांगतो. आई जाऊन वर्ष होऊन गेलं. बाबा कराडला एकटे, म्हणून ताईने त्यांना इकडे, शहरात तिच्या घरी, मनुरेवाला बोलावून घेतलं. संपदाताई तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या ड्यूट्या रात्रीच्या. पोरं आजोबांचं सगळं समजतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात. बाबांना करमेना. एक दिवस ताईचा फोन आला, "संग्या, तू घेऊन जा त्यांना काही महिने. तिकडे मोकळं आहे, झाडंबिडं आहेत. बरं वाटेल." मला काय, मलाही एकटं राहून कंटाळा आला होता. मी सँडरिंगहॅममधल्या आपल्या दुकानांतून तूरडाळ, गोडा मसाला, हिंग, हळद असं सगळं भरून त्यांना यूटमध्ये घालून घेऊन आलो.

ट्रस्टचं घर घळीच्या तोंडाशीच आहे. मागे अंगण, पाण्याची टाकी, एक केळ, आणि लगेच झाडी.

झाडीत शिरताना बूट घासून धुवायचे असतात. मातीतून रोग जातो आणि हजार वर्षांचे कौरी वृक्ष मरतात. पहिल्या दिवशी बाबांनी ते ब्रश आणि पाण्याचा फवारा बघितला, चपला काढून बाजूला ठेवल्या, पाय धुतले आणि झाडांना नमस्कार केला.

"अहो बाबा, चपला धुवायच्यात. पाय नाही."

"देवळात शिरताना चपला धुतात होय रे?"

आंटी मागे उभी होती. तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. तिला बाबा तिथेच आवडले. तेव्हापासून ती त्यांना पापा म्हणते, आणि बाबा तिला मॅडम. दोघांचं संभाषण एवढंच. "कियोरा, पापा." "गुड मॉर्निंग, मॅडम." संध्याकाळ असली तरी गुड मॉर्निंग.

रिकाम्या ट्रॅपांच्याच आठवड्यात घरात पक्षी शिरला.

पीवाकावाका. आपल्याकडे नाचण म्हणतात ना, शेपटीचा पंखा करून टुणटुण उड्या मारणारा, तसाच. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत आला, दिव्याच्या वायरवर बसला, बाबांच्या डोक्याभोवती फिरला आणि बाहेर गेला.

बाबा इतके खूश झाले की विचारू नका. "आला रे! घरात आला! आपण बोलवायचीही गरज नाही!"

मला वाटलं, म्हातारा माणूस, पक्षी बघून खूश झालाय.

दुसऱ्या दिवशी मी आंटीला गंमत म्हणून सांगितलं. तिच्या हातात चहाचा मग होता, तो तिने खाली ठेवला. "घराच्या आत?"

"हो."

"आत कोण होतं?"

"बाबा."

आंटी अंधश्रद्धाळू वगैरे बाई नाही. लॅपटॉपवर ट्रस्टचे नकाशे तीच बनवते. पण म्हणाली, "आमच्यात तो घरात शिरला की माणसं गप्प बसतात आणि फोनची वाट बघतात. कोण गेलं म्हणून."

मी बाबांना हे सांगितलं नाही. उगाच कशाला.

मग टमाटीला पावलं दिसली. टमाटी म्हणजे आंटीचा पुतण्या, डुकरांची शिकार करतो, माझ्याहून थोडा मोठा. ओढ्याच्या चिखलात कुत्र्याच्या पावलांचे ठसे. मोठे.

"कुणाचंतरी हरवलेलं पिग डॉग," तो म्हणाला. "शिकारीला आणतात, मागे सुटतं, मग जंगली होतं. पण ब्रो, हे उपाशी कुत्र्याचं पाऊल नाही. बघ किती खोल गेलंय. हे वजनदार आहे. याला कुणीतरी खायला घालतंय."

"इथे? कोण घालणार?"

"मला काय विचारतोस? तू राहतोस इथे."

त्याने पिंजरा लावला, आत डुकराचं मांस टांगलं. कुत्रं फिरकलं नाही. जागा बदलली, मांस बदललं. काही नाही. आंटीने फोन करून रीतसर परवानगी काढली आणि टमाटी रायफल घेऊन यायला लागला. त्याला ते कुत्रं एकदाही दिसलं नाही. संध्याकाळी यायचा, बसायचा, जायचा.

बाबा त्याला चहा द्यायचे. मला विचारायचे, "कुणाला मारायला आलाय हा?"

"कुत्र्याला. बॉसला मारेल ते."

"कुत्रं असं कसं मारेल? मुकं जनावर."

"अहो, किवीच्या छातीला हाडाची ढालच नसते. कुत्र्याने नुसतं खेळायला म्हणून तोंडात धरलं तरी आतून चेंदामेंदा होतो."

बाबा सिंककडे वळले. कप विसळायला घेतला आणि तोच कप किती वेळ विसळत राहिले. हे मला तेव्हा दिसलं होतं. कळलं नव्हतं.

मादी ओढ्याजवळ सापडली. बॉसची बाई.

टमाटीने हाक मारली म्हणून मी खाली उतरलो. ती नेच्यांमध्ये पडली होती, झोपल्यासारखी. कुठे जखम नाही, रक्त नाही. पिसं मात्र ओली, चिकट. किवीची पिसं पिसांसारखी नसतातच, केसांसारखी असतात, ती सगळी मानेवर एका बाजूला बसली होती. आंटी गुडघ्यावर बसली. तिने पक्ष्यावर हात ठेवला आणि माओरीत हळू आवाजात बराच वेळ काहीतरी म्हणत राहिली. टमाटीने टोपी काढली, म्हणून मीही काढली.

मग ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "कुत्रा. लाळ आहे ही."

"आणि हे पिवळं?" टमाटीने मानेकडे बोट दाखवलं. "कोफाईचा पराग असेल."

मी वाकलो. पिसांवर पिवळा डाग होता. बोटाने पुसला, बोट पिवळं झालं. गमबुटाला पुसलं, तरी पिवळं. पराग झटकला की जातो. मी बोट नाकाशी नेलं.

हिंग.

हळद आणि हिंग. लाळेचा घाणेरडा वास होता आणि त्याच्या खाली, अगदी स्पष्ट, आमच्या घरचं वरण होतं.

"काय?" आंटीने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. आणि भर दुपारी कामाच्या मधूनच घरी निघालो.

दुपारी मी कधीच घरी नसतो. सकाळी डबा घेऊन जातो तो संध्याकाळीच येतो. त्यामुळे दुपारी बाबा काय करतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. टाकीमागे आलो तेव्हाच आवाज ऐकू आला.

बाबा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर कराडच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. तो आवाज काही गेलेला नाही. त्याच आवाजात ते झाडीकडे तोंड करून पुकारत होते.

"काऽव... काऽव... काऽव..."

समोर केळीचं पान. त्यावर भात, वर वरण, तुपाची धार, बाजूला वडा आणि खीर. झाडीच्या कडेला, बूट धुवायच्या जागेच्या पलीकडे. म्हणजे आमच्या हद्दीच्या आत, मी वाटसरूंना बिस्किटाचा तुकडाही टाकू देत नाही तिथे.

"बाबा!"

ते दचकले. "तू कसा आत्ता?"

"हे काय आहे?"

"पितृपंधरवडा आहे. विसरलास ना? विसरणारच."

"रोज ठेवता?"

"पंधरवड्यात साग्रसंगीत. एरवी नुसता भाताचा घास. जेवायच्या आधी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुझ्या आईच्या नावाचा."

"अहो पण इथे कावळेच नाहीत!"

"मला काय माहीत? देश आहे का काय आहे? कावळा नाही म्हणजे काय? तो काळापांढरा आहे एक, त्याला बोलवून बघितलं."

"तो मॅगपाय आहे."

"अर्धवट कावळा. आला नाही." मग म्हणाले, "पण कुणीतरी येतं."

मला माहीत होतं कोण. तरी विचारलं.

"कुत्रं येतं," बाबा म्हणाले. "कुत्र्यालाही घास काढतातच की. कावळ्याचा, कुत्र्याचा, गाईचा. मी हाक मारतो आणि ते त्या झाडामागून येतं. पान ठेवून मी मागे सरेपर्यंत थांबतं. शहाणं आहे. दत्ताचं कुत्रं आहे ते, संग्राम."

"तुम्हाला माहीत होतं टमाटी कुणाला शोधतोय."

ते पान सरळ करायला लागले.

"बाबा, त्याने आज मादी मारली. तिच्या मानेला तुमचं वरण लागलंय."

बाबा पानाशेजारी खाली बसले. त्यांचा गुडघा दुखतो, मांडी घालता येत नाही, तसेच एक पाय लांब करून बसले.

"दहाव्याला कावळा शिवला नाही," ते म्हणाले. "तू मोबाइलवर बघत होतास, तुला दिसलं का माहीत नाही. दोन तास बसलो घाटावर. सगळ्यांनी सांगून बघितलं. वहिनी, पोरांचं बघू. वहिनी, दागिने संपदाला देऊ. नाही शिवला. समोरच्या पिंपळावर कावळेच कावळे, एक खाली उतरेना. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. गवताचा! तुझी आई भाजीवाल्याच्या तराजूला फसली नाही कधी, ती गवताच्या कावळ्याला फसणार होती का?"

मला हसू आलं.

"काय राहिलं असेल तिचं, सांग. मला तर कळलं नाही. मग रोज ठेवतोय. कुणीतरी तोंड लावलं की मला जेवण जातं."

पानावर माशा बसायला लागल्या होत्या. झाडीतून तो पीवाकावाका आला, माशांमधून दोन-तीन उड्या मारून परत गेला. मग मला त्याचं घरात शिरणंही कळलं. आमच्या घरावर माशा होत्या म्हणून तो आला होता. उंदरांनी पीनट बटर का सोडलं तेही कळलं. रात्री उरलेल्या खिरीवर तेच जेवत होते, आणि माजून तुईची घरटीही साफ करत होते, म्हणून घळ गप्प. सगळ्या घळीची पोटं बाबांनी भरून ठेवली होती.

मी ताईला फोन लावला. कुणावर तरी ओरडायचं होतं.

"अरे हो, इथेपण ठेवायचे," ताई म्हणाली. "उंदीर आले. शेजारणीने कौन्सिलला कंप्लेंट केली. म्हणून तर तुझ्याकडे पाठवलं. म्हटलं तिकडे जंगलात काय, कुणाला त्रास आहे?"

"ताई!"

"काय ताई? मला काय माहीत तिकडे काय असतं!"

आंटीला सांगावंच लागलं. नाही सांगितलं असतं तर चाललं असतं असंही नाही, कारण बॉस अजून बसलेला होता आणि कुत्रं अजून फिरत होतं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, सामान बांध.

ती टमाटीला घेऊन बाबांकडे आली. मागच्या पायरीवर बाबांच्या शेजारी बसली.

"कुणासाठी, पापा?"

"माय वाइफ," बाबा म्हणाले. "आशालता."

"आशालता," आंटी म्हणाली. नीट म्हणाली, मला आश्चर्य वाटलं. मग माझ्याकडे बघून, "त्याला सांग, आम्हीपण आमच्या गेलेल्यांशी बोलतो. समोर उभं राहून, नाव घेऊन. त्यात चूक नाही. पण तो कुणाच्या दारात ठेवतोय ते त्याने विचारलं नाही. इथे माझी माणसं आहेत. जिवंतही, दुसरीही. त्यांना न विचारता त्याने हाक मारली. आणि कुणाला, हे न ठरवता मारली की कुणीही येतं."

मी सांगितलं. मान खाली घालून बाबा ऐकत राहिले.

"सॉरी, मॅडम."

"सॉरी नको. उद्या परत ठेव."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगितलं. पिंजऱ्यात ते येत नाही. रायफल बघून येत नाही. ते फक्त तुमच्या हाकेला येतं.

"घासाला बोलवून मारायचं?"

टमाटी बुटाचा चिखल खरवडायला लागला.

"पानावर आलेल्याला, संग्राम?"

"बाबा, बॉस मरेल. तो अंड्यांवरून उठत नाही."

ते पायरीवरून उठले, घळीकडे बघितलं. मग म्हणाले, "त्याला सांग, आधी खाऊ दे. पान संपेपर्यंत हात लावायचा नाही."

टमाटी म्हणाला, "ओके." अगदी हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळपासून स्वयंपाक केला. मला मदत करू दिली नाही. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. टमाटी टाकीमागे पालथा झोपला. मी आणि आंटी घरात, खिडकीशी.

बाबांनी पान ठेवलं. पाणी फिरवलं. मागे सरून उभे राहिले आणि पुकारलं.

आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"काऽव... काऽव..."

ते आलं. पट्ट्यापट्ट्याचं, रुंद छातीचं, एक कान फाटलेला, गळ्यात झिजलेला पट्टा. झाडीच्या कडेला थांबलं, बाबांकडे बघितलं. शेपटी हलवली. मी आयुष्यात इतकं काही वाईट बघितलं नव्हतं, त्या शेपटीइतकं.

त्याने खीर आधी खाल्ली. मग वडा. मग भात. पान चाटलं, परत चाटलं, पानासकट थोडं पुढे सरकलं. बाबा तिथेच उभे, हात खाली सोडून.

गोळीचा आवाज घळीत गेला आणि परत आला.

टमाटी गेला, बघितलं, रायफल मोकळी केली. पट्ट्यावरचं नाव पुसलं गेलं होतं. "कुणाचंतरी होतं," तो म्हणाला. "अजून कुणीतरी शिट्ट्या मारत फिरत असेल याच्यासाठी."

मला हलकं वाटायला लागलं होतं. संपलं. मग आंटीने कुत्र्याचा ओठ बोटाने वर केला.

दातात पीस होतं. केसासारखं, तपकिरी. वाळलेलं नव्हतं.

"मादीचं असेल," मी म्हणालो.

"मादी काल गेली, बॉय. हे आजचं आहे."

मी पळत जाऊन रिसीव्हर आणला. अँटेना धरली. बीप संथ. नेहमीची चाल.

"बसलाय! आंटी, बसलाय!"

ती कुत्र्याच्या तोंडाकडेच बघत राहिली. टमाटीही तिकडेच. मग मला आठवलं. मशीनला एक दिवस लागतो.

वर जाऊन बघता येत नव्हतं. तो जिवंत असेल आणि आम्ही ओंडक्याजवळ गेलो, तर तो अंडी टाकून जाईल, आणि मग आम्हीच मारली असं होईल. "कुणी वर जायचं नाही," आंटी म्हणाली. "थांबायचं."

आम्ही थांबलो. आंटी रात्री सोफ्यावर झोपली, म्हणजे पडून राहिली. सकाळी बीप संथ. टमाटी चिली बिन घेऊन आला, आइसबॉक्स असतो ना, तो. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. चौघं मागच्या पायरीवर बसलो, मध्ये मशीन. कराडच्या घाटावर बाबा असेच बसले असणार, मला वाटलं. सगळे एकाच गोष्टीकडे बघत.

बाबांनी स्वयंपाक केला नव्हता. कालचं पान तिथेच पडलं होतं, चाटूनपुसून रिकामं, कडेला तुपाचा ओघळ आणि त्यावर माशा.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पीवाकावाका आला. पानाच्या काठावर उतरला. पाय टेकवले, एक माशी टिपली, शेपटीचा पंखा उघडला, मिटला आणि उडाला.

बाबांनी बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी हात जोडले नाहीत.

तेवढ्यात बीप बदलला.

टक-टक-टक-टक, घाईघाईत, एकामागे एक. आंटीने डोळे मिटले.

"जोरात वाजतंय," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. माझा दंड घट्ट धरला त्यांनी. "संग्राम, बघ, केवढं जोरात वाजतंय! जिवंत आहे ना रे?"

आंटीला मराठी येत नाही. पण चेहरा कळला तिला. तिने हात पुढे करून मशीन बंद केलं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "मेल्यावर असं वाजतं."

टमाटी चिली बिन घेऊन उठला. "अंडी बघू," तो म्हणाला. "कधीकधी गार पडलेल्यांतूनही पिल्लं निघतात."

बॉस ओंडक्याच्या तोंडाशीच होता. बहुतेक बाहेर आला असावा, कुत्र्याच्या आणि अंड्यांच्या मध्ये. एक अंडं फुटलेलं. दुसरं आत, आख्खं. आंटीने ते दोन्ही हातांनी काढलं. किवीचं अंडं केवढं मोठं असतं, हाताची ओंजळ भरते. तिने ते कानाला लावलं, मग गालाला.

खाली आलो तर बाबा अंगणात उभे. हातात त्यांची गुडघा शेकायची रबरी पिशवी, गरम पाण्याने भरलेली, वर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळलेला. कुणी सांगितलं नव्हतं.

आंटीने पिशवीकडे बघितलं, साडीकडे बघितलं. घेतली.

इन्क्युबेटर लांब आहे, सगळा वळणांचा रस्ता. टमाटी चालवत होता, आंटी पुढे, मी आणि बाबा मागे. बिन बाबांच्या मांडीवर, झाकण अर्धं उघडं, त्यांचा हात आत.

"गार आहे रे," बाबा म्हणाले.

"काय म्हणतोय तो?" आंटीने मागे न बघता विचारलं.

"गार आहे म्हणतोय."

"त्याला सांग, हात काढू नको."

मी सांगितलं. बाबांनी मान हलवली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडी जवळ आली होती, काचेवर फांद्या घासत होत्या. त्या घासण्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.